आक्काचा वाटा

बाबा चालता चालता थांबायला लागले, तेव्हा आम्हाला आधी वाटलं, या माणसाला उतारवयात वाचनाची गोडी लागली. कामतघरच्या आमच्या चाळीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत थोडा चढ आहे. जेवून कारखान्यात निघाले की त्या चढावर ते मध्येच उभे राहायचे आणि भिंतीवरचं पोस्टर वाचायचे. पोस्टर दहावीच्या क्लासचं होतं. आमच्या घरात दहावीला कोणी नव्हतं.

"काय वाचता एवढं?" मी एकदा विचारलं.

"मास्तर हुशार दिसतात," बाबा म्हणाले. एक हात पोस्टरवर, दुसरा छातीच्या मधोमध. थोड्या वेळाने दोन्ही हात खाली आले आणि आम्ही पुढे निघालो.

माझं नाव धम्मदिना, घरात दिना. बायोकेमिस्ट्रीत एमएससी करून मी कल्याण नाक्याजवळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करते. श्रमाने येतं, थांबलं की जातं, छातीवर कोणी पाय ठेवल्यासारखं वाटतं: अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याच्या दुखण्याचं, हे वर्णन मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. बाबा तेच वर्णन घरी रोज करत होते, फक्त त्याला ते 'गॅस' म्हणत होते. आई त्यावर ओवा द्यायची. ओवा चावेपर्यंत बाबा बसून राहायचे, दुखणं थांबायचं आणि श्रेय ओव्याला मिळायचं.

मला हसू येत नव्हतं, कारण आमचे आजोबा लहानू कापडाच्या लूमवर उभे असतानाच कोसळले होते. चाळिशीही नीट गाठली नव्हती. छातीत कळ आली, लोकांनी हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं आणि चादरीत गुंडाळून परत आणलं. बाबा तेव्हा लहान होते, पाटी घेऊन शाळेत जायचे. आता त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, आणि लहानूच्या मुलाचंही तसंच होईल ही एकच भीती मला होती.

शेवटी मी आणि माझा भाऊ सुमित त्यांना ठाण्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मॅडमनी ईसीजी काढला, सोनोग्राफी केली, ट्रेडमिलवर चालवलं. मग कागदावर एक नळी काढली आणि तिच्या आतून पेनने जाड थर भरला.

"लाइन चोक झालीय," बाबा म्हणाले. ते लूमचे जॉबर आहेत. कारखान्यातलं मशीन बंद पडलं की दुरुस्तीला त्यांनाच बोलावतात.

"अरुंद झालीय. बसल्या जागी रक्त पुरतं, चढ आला की कमी पडतं. म्हणून दुखतं."

"मग स्टेंट टाकूनच घेऊ ना मॅडम," सुमित म्हणाला. "एकदाचं काम."

"अटॅक आलेला असताना स्टेंट जीव वाचवतो. यांचं तसं नाही. दुखणं ठरावीक श्रमाला येतं, थांबलं की जातं, आणि तपासणीत फार धोक्याचं काही दिसलेलं नाही. अशा वेळी गोळ्या नीट घेतल्या तर नुसत्या स्टेंटने आयुष्य त्याहून वाढेल असं नाही. गोळ्या घेऊनही त्रास राहिला, तर अँजिओग्राफी करून आत बघू. मग स्टेंट की बायपास, ते शिरा बघून ठरेल."

"गोळ्या द्या," बाबा लगेच म्हणाले. "मशीन एकदा खोललं की पहिल्यासारखं बसत नाही. आयुष्यभर हेच करतोय मी."

मॅडम हसल्या, पण त्यांचं लक्ष बाबांच्या डोळ्यांकडे होतं. बाबांच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळट चट्टे आहेत. मॅडमनी विचारलं, हे कधीपासून?

"ती आमच्या घराण्याची खूण आहे," बाबा म्हणाले. "वडिलांना होती, आक्काला आहे. गावात म्हणायचे, लहानूच्या पोरांच्या डोळ्यांना हळद लागलेली असते."

मॅडमनी त्यांना चप्पल काढायला लावली आणि टाचेच्या वरची शीर दोन बोटांत धरून बघितली. ती दोरखंडासारखी जाड होती. मग मी सोबत नेलेला रक्ताचा रिपोर्ट त्यांनी पुन्हा वाचला. हळद नव्हती ती. रक्तात मावत नाही इतकं कोलेस्टेरॉल कातडीखाली आणि टाचेत साठलेलं होतं. खाण्यापिण्याने इतकं चढत नाही, हे जन्मापासूनचं असणार, असं मॅडम म्हणाल्या. आईकडून किंवा वडिलांकडून येतं. प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. भावंडांचंही तेच. "घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या," त्यांनी मला सांगितलं.

परतताना बसमध्ये बाबा रिपोर्टची घडी घालत होते, उलगडत होते. मला वाटलं, माझ्या आणि सुमितच्या विचारात आहेत. भिवंडीजवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे आक्कालाही असेल?"

"असेल. डोळे बघितलेत ना तिचे."

"ती तर दवाखान्याची पायरी चढत नाही," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

*

तीन मुख्य गोळ्या होत्या. एक रक्त गोठू नये म्हणून, एक कोलेस्टेरॉलची, आणि एक छातीची, जी पोटात जाऊन दिवसभर हळूहळू विरघळते आणि शिरा सैल ठेवते. शिवाय अचानक दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक छोटी. बाबांना ऑपरेशन टाळायचं होतं, म्हणून ते गोळी चुकवणार नाहीत याची मला खात्री होती. पथ्यही पाळत होते. कारखान्यातल्या पोरांनी वडापाव पुढे केला तर "नको भाई, डॉक्टरनी ने मना किया है" असं अभिमानाने सांगायचे.

तरीही संध्याकाळी दुखायचंच. पोस्टरपाशी थांबणं सुटलं नव्हतं. आणि एक नवीनच सुरू झालं: सकाळच्या चहानंतर डोकं ठणकायचं, कधी उठताना अंधारी यायची. शेजारच्या गुणाबाई आईला म्हणाल्या, "नुसत्या गोळ्यांवर ठेवलंय म्हणजे डॉक्टरांनी हात वर केलेत गं. मोठ्या दवाखान्यात न्या." आईचा चेहरा उतरला.

मी पुन्हा रक्त घेतलं. कोलेस्टेरॉल उतरलं होतं, पण त्या गोळीने जेवढं उतरायला हवं तेवढं नाही. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, पुढच्या भेटीपर्यंत असंच राहिलं तर अँजिओग्राफी करावी लागेल, आणि बायपासचीही मनाची तयारी ठेवा.

मी बाबांना सांगितलं. ते पाना पुसत होते. पुसतच राहिले.

"गोळ्या घेता ना सगळ्या?"

"रोज घेतो."

"पूर्ण?"

"रोज घेतो म्हणालो ना दिना. लॅबमध्ये जा तू, उशीर होईल."

मला उत्तर मिळालं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

*

भिवंडीत लूमना शुक्रवारी सुट्टी असते, आणि शुक्रवारी बाबा पूर्णा गावात आक्काकडे जातात. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण कलावती. सगळं गाव तिला आक्का म्हणतं, म्हणून आम्हीही. आजोबा गेल्यावर आजीने अंथरूण धरलं. आक्का शाळा सोडून लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली आणि तिनेच बाबांना वाढवलं. कारखान्यात तिला खायला जे मिळायचं, ते ती अर्धं पदरात बांधून आणायची. बाबा मोठे झाले, कमवायला लागले, आणि ती सवय उलटी फिरली. आंब्यांची पेटी आली की अर्धी पूर्णाला. कारखान्यात मिठाई वाटली की अर्धा पेढा रुमालात. एकदा सुमितने त्यांना वाढदिवसाला उबदार शाल दिली, तर आई कात्री लपवून ठेवा म्हणाली होती.

त्या शुक्रवारी मीही बाबांबरोबर गेले. आक्काचंही रक्त काढायचं मनात होतं. पूर्णाला आता आक्काच्या घराच्या तिन्ही बाजूंना गोदामं आहेत. पत्र्याच्या त्या उंच भिंतींमध्ये तिचं कौलारू घर आणि शेवग्याचं झाड असं दिसतं, जणू कोणी तिथे ठेवून विसरून गेलंय. तिचा मुलगा दीपेश समोरच्याच गोदामात ड्युटी करतो.

आक्का ओट्यावर बसली होती. डोक्याला फडकं करकचून बांधलेलं.

"जय भीम आक्का. डोकं दुखतंय?"

"जय भीम. ये गो. काय न्हाय, सकालची च्या प्यायली की ठनकतंय. दुपारपर्यंत उतरतंय आपोआप." तिने बाबांकडे बघितलं. "नरू, रोडावलास. ही पोरगी उपाशी ठेवते काय तुला?"

"कधीपासून ठणकतंय?" मी विचारलं.

"झाले थोडे दिवस."

"उठताना अंधारी येते?"

"येते की. तुला कसं कलं? याला म्हनतात शिक्षान!"

मी बाबांकडे बघितलं. बाबा शेवग्याच्या झाडाकडे बघत होते, जणू त्यालाही शेंगांऐवजी पोस्टरं लागली होती.

दोन माणसांचं डोकं एकाच सुमारास, एकाच कारणाशिवाय, रोज दुखत नाही. शिरा सैल करणाऱ्या गोळीने डोक्यातल्या शिराही सैल होतात, डोकं दुखतं. हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर सहसा ते चार दिवसांत थांबतं. पण तीच गोळी कोणी तोडली, चावली, तर तिची दिवसभर पुरायची रचनाच मोडते. औषध सकाळीच बरंचसं निघून जातं आणि संध्याकाळी छातीला काही उरत नाही.

"आक्का, तू कुठली गोळी घेतेस?"

"मी? मी कुठं डाक्टरकडं जाते?"

"मी डॉक्टरचं नाही विचारलं."

आक्का बाबांना म्हणाली, "सांगू काय रे?"

"सांगितलंसच आता," बाबा म्हणाले.

आक्काने पदराची गाठ सोडली. आत वर्तमानपत्राची पुडी, पुडीत अर्ध्या अर्ध्या गोळ्या. अगदी स्वच्छ कापलेल्या. लूमवर सूत कापायची छोटी कैची असते, तिने. बाबांचा हात दुरुस्तीला बसलेला आहे, एकही तुकडा वाकडा नव्हता.

 आधी प्रचंड राग आला. मग त्या पुडीकडे बघून माया आली, आणि त्याचा आणखी राग आला.

"बाबा! तुम्ही अर्धी घेता? सगळ्या?"

"आजार एक, बाप एक," बाबा म्हणाले. "मॅडमच म्हणाल्या ना, निम्मी शक्यता?"

"शक्यता निम्मी आहे, गोळी नाही!"

"अगं, पन गुन येतोय," आक्का मध्येच म्हणाली. "झाडलोट करताना छातीवर धोंडा ठेवल्यावानी व्हायचं, ते सकालच्याला कमी झालं. चावून खाते ना मी. चावली की लवकर लागू पडते."

म्हणजे तिलाही दुखत होतं. मी खाली ओट्यावर बसले.

"कधीपासून, आक्का?"

"दिवालीपासून असंल. सांगून काय करायचं? सांगितलं की नेतात." ती फडकं घट्ट करत म्हणाली, "आमच्या बाला नेला, तो चादरीत आला. मी दारात उभी होते. बाच्या पायाला कापसाचा धागा चिकटलेला, तो मी काढला. मी न्हाय जानार पोरी. मरायचं तर हितं, शेवग्याखाली."

"आणि बाबांचं काय? अर्ध्या गोळीने त्यांना गुण येत नाही, म्हणून आता बायपासची भाषा चाललीय."

आक्काने झटकन भावाकडे बघितलं. "हे न्हाय बोललास तू."

"विचारलं नाहीस."

"दे त्या सगल्या परत. घे. घे म्हनते ना!" तिने पुडी त्यांच्या खिशात कोंबायला सुरुवात केली.

बाबांनी खिशावर हात ठेवला. "तू घेणार नसशील तर मीही पूर्ण नाही घेणार."

"येडा हायस काय?"

"असेन."

"तू लहानपनी पन असाच होतास. माझं जेवन झालं न्हाय तर ताट उलटं करायचास."

"आणि तू जेवायचीस."

मी फोन बाहेर काढून मॅडमना लावला. त्यांचा आवाज दोघांना ऐकू जाईल असा फोन मध्ये धरला. मॅडम बऱ्याच रागावल्या. बाबांनी पूर्ण गोळी न तोडता घ्यायची, कोलेस्टेरॉलचीही. आक्काने दुसऱ्याच्या गोळ्यांचा कणही घ्यायचा नाही. रक्तदाब उतरून पडली असती तर? तिला तपासणीला आणा, लवकर. आणि बसल्या जागी दुखायला लागलं, घाम आला, थांबलं नाही, तर वाट न बघता जवळच्या हॉस्पिटलमध्ये.

फोन ठेवल्यावर आक्का म्हणाली, "बाई चांगली हाय. पन मी न्हाय जानार."

"मग मीही," बाबा म्हणाले.

एक हटवादी माणूस असेल तर समजावता येतं. इथे दोन होते आणि एकमेकांना टेकून उभे होते.

मी पिशवीतून रक्त घ्यायचं सामान काढलं. "दवाखान्यात नको ना? इथेच ओट्यावर रक्त देशील?"

आक्काने सुईकडे बघितलं. "रगत काय, डास पन घेतात. घे."

दीपेश ड्युटीच्या मधल्या सुट्टीत आला, त्याचंही घेतलं. तो तोंड फिरवून उभा राहिला, तर आक्का त्याला म्हणाली, "गोनी उचलतोस आन् सुईला भितोस? इकडं बघ." स्वतःच्या वेळी मात्र ती माझ्याच चेहऱ्याकडे बघत होती. मग माझ्या हातावरून हात फिरवत म्हणाली, "तुझी बोटं थेट माझ्या आयशीसारखी हायत."

*

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये चार नमुने लावले. आक्का, दीपेश, सुमित आणि मी. सुमितचं रक्त मी सकाळी घरी घेतलं होतं. माझं माझ्या सहकारी मुलीने घेतलं.

आक्काचा आकडा बाबांच्या पहिल्या आकड्याच्याही वर होता. दीपेशचा साधा. सुमितचा साधा. माझा नव्हता.

मी नमुना पुन्हा लावला. यंत्र नीट मोजतंय का ते ठरलेल्या नमुन्यावर तपासलं, बरोबर होतं. पुन्हा तोच आकडा आला, थोडा इकडे तिकडे. मी हातमोजे काढले आणि आरशात डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे बघितलं. तिथे अजून काही नव्हतं. विचित्र म्हणजे भीतीआधी मला एक ओळख पटल्यासारखं वाटलं. मी न बघितलेले लहानू आजोबा, ज्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही, ते माझ्या रक्तात एवढे स्पष्ट लिहिलेले होते.

घरी जेवताना सांगितलं. मी सगळं व्यवस्थित समजावलं: वय लहान आहे, शिरा अजून चांगल्या असणार, आतापासून गोळी घेतली तर बाबांसारखं व्हायची वेळ बहुधा येणारच नाही, आली तरी खूप उशिरा. आई ऐकत होती आणि माझ्या ताटात भात वाढत होती, आधीचा संपला नसताना. सुमित म्हणाला, "माझ्यात कसं नाही आलं?" त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद नव्हता, वाटणीत काही चुकल्यासारखं होतं.

बाबा उठले, हात धुतले आणि फोन घेऊन दारात गेले. एवढंच ऐकू आलं: "आक्का, दिनाला पण आहे." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते.

सोमवारी सकाळी मी डबा भरत होते, तोच दारात रिक्षा थांबली. आक्का उतरली. लग्नाकार्यात नेसते ती निळी साडी, हातात पिशवी, पिशवीत शेवग्याच्या शेंगा.

"कुठं हाय ती डाक्टरीन?" ती आत न येताच म्हणाली. "चल. पोरीला दाखवायची हाय."

"आक्का, तू येणार? दवाखान्यात?"

"माझ्यासाठी कुठं जाते? तुझ्यासाठी जाते. तुझी आयशी रडंल तिथं, बाप झाडाकडं बघत बसंल. कोनीतरी धड मानूस नको?"

मॅडमसमोर ती माझ्याआधी खुर्चीवर बसली. "मी हिची आते. हिला आजच्या आज बरी करा."

"हिला आज काहीच झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "हिचं आपण वेळेत पकडलंय. हिला गोळी चालू करू. पुढे लग्न झालं, मूल हवं असेल, तर आधी मला सांगायचं, तेव्हा गोळी थांबवावी लागते. बाकी ही तुमच्या-माझ्याहून जास्त पळेल. मला काळजी तुमची आहे."

"मला काय झालं न्हाय."

"बरं. मग हात द्या, हाताचे ठोके बघते. दिना, तू पण थांब, तुझ्यासमोरच बघते. रोज गोळी घ्यायची का, तपासणी करायची का, हे ही मुलगी पुस्तकातून नाही शिकणार. घरातली मोठी माणसं काय करतात, ते बघून शिकेल."

आक्काने मॅडमकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तिने मनगटावरची काळी दोरी वर सरकवली आणि हात पुढे केला.

"मशीनवर चालवायचं तर साडी आडवी येईल," ती म्हणाली. "पोरीचा पंजाबी ड्रेस द्या मला एक."

*

ट्रेडमिलवर आक्का फार चालू शकली नाही. ईसीजीच्या आलेखाने थोड्याच वेळात मान टाकली. मॅडमचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी बाबांना सांगितलं की तुमचं गोळ्यांवर बघू, आता पूर्ण घेता आहात. यांचं मात्र थांबून चालणार नाही. थोड्या श्रमाला एवढा ताण दिसतोय, तर आत बघायलाच हवं.

मधल्या दिवसांत बाबांनी गोळ्या अख्ख्या घेतल्या. आई समोर उभी राहून तोंड उघडायला लावायची, तेव्हा बाबा लहान मुलासारखी जीभ बाहेर काढायचे. त्यांचं डोकं दुखायचं थांबलं. संध्याकाळचा चढही ते एका दमात चढू लागले. पण ते कुणाला सांगत नव्हते. आक्काचं होईपर्यंत आपण बरं झाल्याचं बोलायचं नाही, असं काहीतरी त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

अँजिओग्राफीच्या दिवशी आक्काला आत नेताना तिने माझ्या हातात बांगड्या दिल्या आणि बाबांना म्हणाली, "हितं उभा राहू नको. खाऊन ये काहीतरी." दार बंद झालं. बाबा तिथेच उभे राहिले. आम्ही खुर्ची दिली, बसले नाहीत. चहा आणला, तो गार झाला. दीपेश मनगटातून नळी घालतात हे मोबाइलवर दाखवायला गेला, तर बाबांनी मान फिरवली. बाहेर येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीकडे ते आधी चादर कुठपर्यंत ओढली आहे ते बघायचे. त्यांच्याजवळ उभी राहिले तेव्हा मला ते कळलं, आणि मी त्यांचा हात धरला.

मॅडम बाहेर आल्या. एक मोठी शीर खूपच अरुंद होती, तिथे स्टेंट टाकला. बाकीच्या दोन ठिकाणी थोडं आहे, ते गोळ्यांवर सांभाळता येईल. बायपासची आज गरज नाही. "आणि फार बोलतात हो," त्या म्हणाल्या. "आमच्या टेक्निशियनला लग्न का केलं नाहीस म्हणून विचारत होत्या."

मग आक्काची ट्रॉली आली. चादर छातीपर्यंत होती. मनगटाला पट्टी, डोळे टक्क उघडे.

"किती गारठा हाय आत," ती म्हणाली. "मानसं तिथं औषधाने न्हाय, थंडीने मरतील. नरू, खाल्लंस?"

बाबांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"पडद्यावर दाखवलं गो मला," आक्का माझ्याकडे वळली. "माझं कालीज. झाडाच्या फांद्यांवानी शिरा, आन् मधीच एक सुतासारखी बारीक झालेली. मग त्यांनी काय केलं कोन जाने, ती अशी भरभर भरली." तिने पट्टीचं मनगट छातीवर ठेवलं. "बाचं पन असंच असंल. त्याचं कोनी बघितलंच न्हाय."

 बाबांनी ट्रॉलीचा दांडा धरला, आणि वॉर्डबॉयने सांगूनही सोडला नाही. वॉर्डपर्यंत ते ती ढकलत गेले. तिथे पोचल्यावर, पहिल्यांदाच, ते तिच्या उशाशी स्टुलावर बसले.

"आता बोल," आक्का म्हणाली. "तुझी छाती कशी हाय?"

"बरी आहे," बाबा म्हणाले. "चढ चढतो मी आता, न थांबता."

"कवापासून?"

"झाले थोडे दिवस."

"आन् मला आता सांगतोस?" आक्काने पट्टी नसलेल्या हाताने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. बाबा रडायला लागले, आणि तिने तोच हात तिथेच ठेवला.